सुया सुटल्या का?

माझ्या पोटात स्वादुपिंड नाही. २०२२ मध्ये हैदराबादला ते पूर्ण काढलं. तरी माझ्या रक्तात थोडं इन्सुलिन माझं स्वतःचं असतं आणि ते तयार होतं यकृतात. हे ऐकलं की गावातली माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग विचारतात, "म्हंजी आता सुया सुटल्या का?" सुटल्या नाहीत. रात्रीची एक अजून आहे. मग समोरच्याचा चेहरा पडतो. एवढी कापाकापी झाली, एवढा पैसा गेला आणि सुई आहेच, तर मग मिळालं काय? ज्यांना बसून ऐकायला वेळ असतो त्यांना मी सांगते. इथं जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. १६०८ सालच्या रामनवमीला समर्थ रामदास इथं जन्मले, म्हणून बाहेरच्यांना गावाचं नाव माहीत असतं. गावाचं पोट मात्र कापूस, तूर, सोयाबीनवर चालतं आणि ज्याच्याकडं पाणी आहे त्याचं ऊस-मोसंबीवर. आमचं रान कोरडवाहू. वडील गेल्यापासून शेती भाऊ बघतो. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते.

दुखणं शाळेत असतानाच सुरू झालं. बेंबीच्या वर आत कुठंतरी उठायचं आणि सरळ पाठीत जायचं. जेवल्यावर जास्त. वयात येणाऱ्या पोरीच्या पोटात दुखतं म्हटल्यावर घरातल्या बायांना एकच कारण सुचतं. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याची बाटली झाली, नजर उतरवून झाली. आत्या म्हणाली, "लगीन झालं की ऱ्हाईल." एका दवाखान्यात अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं. टाके पडले, दुखणं जिथल्या तिथं.

एक गोष्ट माझी मलाच सापडली होती. पुढं वाकून बसलं की कळ कमी व्हायची आणि उताणं झोपलं की वाढायची. शिलाई मशीनवर माणूस वाकूनच बसतो, म्हणून मला मशीन आवडायला लागलं. क्लासच्या बाई सगळ्यांना सांगायच्या, बघा, ही कशी मन लावून करते. पुढं डॉक्टरांकडून कळलं की स्वादुपिंडाच्या दुखण्याची ही ठरलेली खूण आहे. ते जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून आडवं असतं. पुढं वाकलं की त्याच्यावरचा ताण कमी होतो.

पुढं औरंगाबादला सीटी स्कॅन झाला तेव्हा रोगाला नाव मिळालं. स्वादुपिंडाचा जुना दाह, आणि त्याच्या नळीत खडे. पहिला प्रश्न आला, "दारू घेता का?" मी विशीतली, डोक्यावर पदर घेतलेली आई शेजारी बसलेली. आईनं डॉक्टरांकडं असं बघितलं की त्यांनी पुढचा प्रश्न गिळला. पण त्यांचंही चुकीचं नव्हतं. मोठ्या माणसांत हा आजार बऱ्याचदा दारूनं होतो. आपल्याकडं मात्र दारूला कधी न शिवलेल्या पोरासोरांनाही तो होतो आणि त्यांच्या स्वादुपिंडात मोठाले खडे धरतात. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण तपासले होते. तिथले लोक टॅपिओकाचा कंद रोज खातात, म्हणून संशय त्या कंदावर गेला. साबुदाणा त्याच कंदाचा होतो असं कळल्यावर आईनं घरातली खिचडी बंद केली. टॅपिओकावरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. उलट हैदराबादच्याच सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांना अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांत 'स्पिंक-१' नावाच्या जनुकात बदल सापडला. स्वादुपिंडातला पाचक रस आतड्यात पोचायच्या आत जागा होऊ नये म्हणून जी राखण लागते, ती हे जनुक करतं. राखण ढिली पडली की तो रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. माझ्याही रक्तात तो बदल निघाला. त्या दिवशी आई रडली आणि हलकीही झाली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आपण पोरीला काहीतरी चुकीचं खाऊ घातलं.

मग उपचारांची रांग लागली. नळीत स्टेंट घातला, बाहेरून लहरी मारून खडे फोडले, मज्जातंतूला सुन्न करायचं इंजेक्शन झालं. प्रत्येक वेळी काही महिने बरे जायचे आणि कळ परत यायची. कळ दाबायच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. वजन अडतीस किलोवर आलं. स्थळं यायची आणि दवाखान्याची फाईल बघून चहा पिऊन जायची.

हैदराबाद आम्हाला परकं नाही. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचाच होता. आमचे आजोबा कोर्टकचेरीचं काही निघालं की हैदराबादकडं बघायचे. आजही परतूरला किंवा जालन्याला रेल्वेत बसलं की डब्यात निम्मी माणसं फायली घेऊन निघालेली दिसतात. तिथल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचं नाव मराठवाड्यात पोटाच्या जुन्या रोग्यांना पाठ असतं. स्वादुपिंड काढून त्यातल्या इन्सुलिनच्या पेशी त्याच रुग्णाला परत देण्याचं काम भारतात ज्या थोड्या ठिकाणी होतं, त्यांतलं हे एक.

तिथं लातूरकडचा एक निवासी डॉक्टर होता. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून आईनं त्याला धरूनच ठेवलं. त्यानं मला कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं. या अवयवाची कामं दोन. मोठा भाग पाचक रस करतो. त्या मांसात विखुरलेले पेशींचे बारीक पुंजके असतात, त्यांना आयलेट म्हणतात. इन्सुलिन तेच करतात. दहा लाखांच्या घरात असतात, पण सगळ्यांचं वजन मिळून स्वादुपिंडाच्या शंभरातला एक-दोन भाग भरतो. बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला १८६९ मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ते काय करतात हे त्याला उमगलं नव्हतं. पुढं १८८९ मध्ये मिन्कोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. म्हणजे स्वादुपिंड गेलं की मधुमेह नक्की, हे तेव्हापासून माहीत आहे. माझा रोग होता पाचक रसाच्या भागाला. पण दाहानं आणि खड्यांनी मांस वाळत चाललं होतं आणि त्यात आयलेटही मरत होते. अशा बऱ्याच रुग्णांना आज ना उद्या साखरेचा आजार होतो. माझी साखर तेव्हा जेमतेम काठावर होती.

"आत्ता आहेत ते आयलेट जिवंत आहेत," तो म्हणाला. "दोन-चार वर्षांनी काढायला गेलो तर हातात काही लागणार नाही."

दुसरा मार्गही होता. खडे काढून नळी उघडायची आणि आतड्याला जोडायची. आपल्याकडं बहुतेकांची तीच शस्त्रक्रिया होते, कित्येकांना तिनं चांगला आराम पडतो आणि स्वादुपिंड पोटात राहतं. पण माझी नळी फार फुगलेली नव्हती, दाह सगळीकडं पसरलेला होता आणि रोग जनुकातूनच आलेला. शिवाय नळी जोडून नंतर स्वादुपिंड काढायची पाळी आली, तर आयलेट कमी मिळतात असा अनुभव आहे. अशा जुन्या आनुवंशिक दाहात पुढं कर्करोगाची भीतीही जास्त. म्हणून त्यांनी संपूर्ण काढण्याचं सुचवलं.

आईचा प्रश्न साधा होता. "म्हंजी रोग काढायचा आन् शुगर घ्यायची?"

मोठ्या डॉक्टरांनी लपवालपवी केली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सदरलँड आणि नाजारियन यांनी ही शस्त्रक्रिया १९७७ मध्ये पहिल्यांदा केली. त्यांच्याकडच्या ४०९ रुग्णांचा हिशेब २०१२ मध्ये छापून आला. तीन वर्षांनी साधारण तीस टक्क्यांना इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. आणखी तेहतीस टक्क्यांचे आयलेट काम करत होते, पण वरून थोडं इन्सुलिन लागत होतं. उरलेल्यांना पूर्ण सुयांवर राहावं लागलं. लहान मुलांत निकाल मोठ्यांपेक्षा चांगले. आयलेट किती मिळतात यावर सगळं अवलंबून. डॉक्टर म्हणाले, "ही शस्त्रक्रिया दुखण्यासाठी आहे. सुई टाळण्यासाठी कुणी ती करून घेऊ नये." हे वाक्य आम्ही घरी येताना डब्यातही एकमेकांना सांगत होतो. भावानं एक एकर विकायचं ठरवलं.

शस्त्रक्रियेच्या आधी लशी दिल्या, कारण स्वादुपिंडासोबत प्लीहाही काढतात आणि ती गेली की काही जिवाणूंशी लढायची ताकद घटते. पुढचं मला भावानं सांगितलं. मी गुंगीत होते आणि तो बाहेर बाकावर. स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा शेवटच्या क्षणापर्यंत चालू ठेवतात, कारण रक्त तुटलं की आयलेट मरायला लागतात. काढल्याबरोबर ते थंड द्रावात टाकून प्रयोगशाळेत नेतात. तिथं त्याच्या नळीतून कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम भरतात. ते मांसाचे धागे सैल करतं. मग स्टीलच्या एका बंद भांड्यात, आत गोळ्या टाकून, शरीराच्या उष्णतेला हे सगळं हलवत ठेवतात. ही पद्धत कॅमिलो रिकॉर्डी यांनी १९८८ मध्ये बसवली. मांस विरघळत जातं आणि आयलेट सुटे होतात. भावानं हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे जिनिंगच की. सरकी एकीकडं, रुई एकीकडं." सांगणारे डॉक्टर जालन्याचे नव्हते, पण त्यांना पटलं. फक्त इथं घाई असते आणि दाबून चालत नाही. फार चाळलं तर आयलेट फुटतात, कमी चाळलं तर मांसात अडकून राहतात.

सुटे झालेले आयलेट पिशवीत भरून परत शस्त्रक्रियेच्या खोलीत आणले आणि यकृताकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत हळूहळू सोडले. सोडताना त्या शिरेतला दाब सतत बघत राहतात. दाब फार वाढला तर थांबतात, कारण रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. आयलेट यकृतातल्या बारीक शिरांमध्ये अडकून बसतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्याभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ते माझेच असल्यामुळं शरीर त्यांना परकं समजत नाही. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर जन्मभर गोळ्या खाव्या लागतात, तशा यात लागत नाहीत.

मिळालेले आयलेट रुग्णाच्या वजनाच्या हिशेबात मोजतात. किलोमागं पाच हजारांच्या वर मिळाले तर सुया सुटायची आशा चांगली असते. माझे अडीच हजारांच्या आसपास निघाले. भावाला आकडा सांगितला तेव्हा त्याला वाटलं, सगळं वाया गेलं.

शुद्धीवर आल्यावर पहिले काही दिवस हाताला इन्सुलिनची धार लावलेली आणि तासातासाला बोटात टोचणं. मला वाटलं, पेशी काम करत नाहीत. लातूरच्या डॉक्टरनं समजावलं की नव्या जागी गेलेल्या पेशींना लगेच राबवायचं नसतं. साखर वाढली की त्यांच्यावर ताण येऊन त्या मरतात, म्हणून बाहेरून इन्सुलिन देऊन त्यांना विसावा द्यायचा. हे काही महिने चाललं. आतड्यात नळी घालून अन्न सुरू केलं. पाचक रस आता माझ्याकडं नाही, म्हणून प्रत्येक घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल आली. ती आजही आहे आणि जन्मभर राहील.

मी तिथं असतानाच, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या गावातल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. गावाकडून फोन यायचे ते सगळे त्याचेच. कुणी आला होता का, कुलूप कसं तोडलं, पोलीस काय म्हणतात. माझी विचारपूस शेवटी, एका वाक्यात. मला बरं वाटायचं. पोटात काय आहे आणि काय नाही, यावर बोलायचा कंटाळा आला होता. मूर्ती ऑक्टोबरात सापडल्या तेव्हा मी घरी होते आणि ट्रॅमाडॉल सोडवत होते. ते दिवस शस्त्रक्रियेपेक्षा वाईट गेले. घाम, जागरण, विनाकारण रडू. गोळी हळूहळू उतरवत नेली तेव्हा कुठं सुटली. कळ मात्र परत आली नाही. एका रात्री मी उताणी झोपले होते आणि सकाळ झाली होती. आईनं मला हलवून जागं केलं, कारण मला अशी झोपलेली तिनं कधी बघितलंच नव्हतं.

आता त्या एका सुईचं. दवाखान्यात बीडकडचे एक काका भेटले होते. गाठीमुळं त्यांचंही स्वादुपिंड पूर्ण काढलेलं. कर्करोगाच्या संशयात आयलेट सहसा परत देत नाहीत, न जाणो त्यांच्याबरोबर रोगाच्या पेशी यकृतात जातील. काकांकडं स्वतःचं इन्सुलिन अजिबात नव्हतं आणि साखर कमी झाली की ती वर आणणारं ग्लुकागॉनही नव्हतं, कारण तेही स्वादुपिंडातच बनतं. त्यांची साखर सकाळी ४० आणि दुपारी ४००. काकू रात्री अलार्म लावून उठायच्या, काका उठतात की नाही ते बघायला. सुयांचा त्रास त्यांनी सहन केला असता, पण आपण झोपेत जाऊ ही धास्ती त्यांना सोडत नव्हती.

माझ्याकडं थोडंसं आहे म्हणजे काय, ते मला काकांकडं बघून कळलं. स्वतःचं इन्सुलिन रक्तातली साखर बघून कमी-जास्त होतं. टोचलेलं इन्सुलिन एकदा आत गेलं की ते काम करणारच, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. माझे आयलेट दिवसभराचा चढउतार बराचसा सांभाळतात, म्हणून टोचायचं कमी लागतं, आणि कमी टोचलं की साखर एकदम खाली पडायची भीतीही कमी. शरीराचं इन्सुलिन थेट यकृतात उतरतं, तसंच माझंही उतरतं.

हे चालू आहे की नाही ते कळायला सी-पेप्टाइडची तपासणी असते. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून रक्तात सी-पेप्टाइड सापडलं तर ते फक्त आपल्याच पेशींचं. माझं उपाशीपोटी ०.८ आलं. प्रयोगशाळेतल्या मुलीनं कागद देताना "कमी आहे हं, मॅडम" असं काळजीनं सांगितलं. मी तिला पेढा दिला.

सगळं गोड झालं असं नाही. यकृतात बसलेल्या आयलेटमधून साखर पडल्यावर ग्लुकागॉन हवं तसं सुटत नाही. त्यामुळं जास्त चाललं, रानात कापूस वेचला की मला थरथर सुटते. खिशात ग्लुकोजची पुडी असते. रामनवमीला गावात दुपारी बारापर्यंत कडक उपास असतो. मी आता सकाळीच खाते आणि जन्म झाला की सुंठवडाही चिमटीनंच घेते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजी म्हणाल्या, "देवाच्या गावात राहून उपास मोडती का माय?" आईनं परस्पर उत्तर दिलं, "उपासानं पडली तर देवाला काय तोंड दाखवू?" कॅप्सूलांचा, साखर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च दर महिन्याला आहे. शिलाईतले बरेचसे पैसे त्यातच जातात. विकलेला एकर परत यायचा नाही. आयलेट वर्षागणिक थोडे थोडे थकतात, तेव्हा एकाच्या दोन सुया होतील हेही मला माहीत आहे.

पण वर्षाला जी एकदोन माणसं फाईल घेऊन माझ्या दुकानात येतात, त्यांना मी मिळालं काय हे सांगून थांबत नाही. मध्यंतरी कुंभार पिंपळगावाकडची एक बाई आली, ब्लाऊज टाकायला. तिची बारा-तेरा वर्षांची पोरगी बाकावर पुढं वाकून बसली होती, दोन्ही हात पोटाशी. मी माप घ्यायचं थांबवलं आणि किती दिवसांपासून दुखतं ते विचारलं. बाई म्हणाली, वयच आहे तिचं. मी म्हटलं, असेल. पण एकदा सोनोग्राफी करा, रक्तातलं लायपेज बघा, साखर बघा. स्वादुपिंडाचं काही निघालं तर लगेच मोठ्या शस्त्रक्रियेला घाबरायचं नाही. कित्येकांना औषधांनी आणि खडे फोडून आराम पडतो. आणि कधी कुणी कापायचंच म्हणालं तर आधी विचारा, आयलेट किती उरलेत आणि ते वाचवता येतील का. साखर वाढायच्या आत विचारायचं. नंतर विचारून उपयोग नसतो.

बाईनं हे सगळं एका कागदावर लिहून मागितलं. मी बिलाच्या मागं लिहून दिलं आणि ब्लाऊजची तारीख आठ दिवस पुढं ढकलली, म्हणजे तपासण्या करून ती परत येईल.